न लावायच्या गाण्यांची वही

त्यांना कुणी 'ओ डीजे' अशी हाक मारली की ते मागे वळून आपल्या दोन काळ्या स्पीकरांकडे बघत, "अहो, तुम्हाला बोलावताहेत," असं त्यांना गंभीरपणे सांगत आणि पुन्हा आपल्या कामाला लागत. हाक मारणारा पाहुणा तिथेच खुळ्यासारखा उभा राही. आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे, मिरवणुकीतली ती आवाजाची भिंत, आणि त्या भिंतीत आपली गणना व्हावी हे त्यांना सहन होत नसे. विचारलंच कुणी, काय करता, तर म्हणत, "लोकांच्या कार्यात गाणी लावतो." पुढे एक अक्षर नाही.

मी कार्यांमध्ये निवेदन करते. साखरपुडा, हळद, डोहाळजेवण, कुणाची साठी, कुणाच्या निवृत्तीचा समारंभ. हातात माईक धरायचा आणि ज्यांना आपण सकाळपर्यंत ओळखतही नव्हतो त्यांच्याबद्दल संध्याकाळी जिव्हाळ्यानं बोलायचं. पंधरा वर्षांत मी त्यांच्या टेबलाशेजारी जितकी उभी राहिले तितकी स्वतःच्या ओट्याशीही उभी राहिले नसेन. त्यांचं नाव मात्र इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि ज्या कारणासाठी मी हे लिहायला बसले आहे त्यात नाव यायचंच झालं तर माझं यायला हवं.

सडपातळ बांधा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, नाकाच्या टोकावर चष्मा. राहायला सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि सामान धायरीच्या एका गाळ्यात. टेबलामागे उभं राहताना चप्पल काढून बाजूला ठेवत. एकदा एका करवलीनं विचारलं, "काका, देव आहे का इथे?" तर म्हणाले, "नाही. कानाला नुसता आवाज कळतो, ठेका पायाला कळतो." ती हसली. मी मात्र पुढे कित्येक वेळा पाहिलं, की नाचणाऱ्यांचा उत्साह ओसरायला लागला की त्यांच्या पायाचा अंगठा आधी थांबायचा आणि मग गाणं बदलायचं.

फर्माईश तोंडी चालत नसे. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर असे, शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन. चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं, गाणं लिहायचं, आणि ते कोणासाठी हवंय ते लिहायचं. स्वतःसाठी मागणाऱ्याची चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी जाई. लोक वैतागत. लग्नाला आलोय की पासपोर्ट काढायला, असं एका गृहस्थांनी विचारलंही. "पासपोर्टला फोटो लागतो. आम्ही अजून तिथवर गेलो नाही," असं उत्तर मिळालं.

त्यांची उत्तरं तीन होती आणि त्यांचे अर्थ फक्त मला ठाऊक होते. 'लावतो' म्हणजे खरंच लावणार. 'बघतो' म्हणजे नाही. आणि 'आहे का ते बघतो' म्हणजे तुमच्या पुढच्या पिढीच्या लग्नापर्यंत नाही. पण गाणं जवळ असताना 'माझ्याकडे नाही' असं ते कधीही म्हणत नसत. खोटं बोलायला लागलो तर लक्षात ठेवावं लागेल, म्हणत, आणि डोक्यात आधीच गाणी फार झाली आहेत.

एका हळदीत हिंजवडीतल्या कंपनीतला एक मुलगा धावत आला. "काका, प्लीज, नेक्स्ट हेच लावा ना. सगळा व्हाइब डाउन झालाय."

"खाली पडलाय? मग उचला. वाकायचं वय आहे तुमचं."

त्याच हळदीत मुलीचा काका आला. जमिनीवाली माणसं, आवाज खणखणीत. "ओ, ही हळद हाय का प्रवचन हाय? आमचं गानं कवा लागायचं?"

"लावतो. पण त्यावर तुमच्या मातोश्री नाचतील का?"

"त्या कशाला नाचत्यात! ऐंशीच्या फुडं हायत."

"मग त्या नाचतील असं आधी लावतो. तुमचं मागनं."

आणि त्यांनी जात्यावरच्या ओव्यांच्या चालीचं कुठलंसं जुनं गाणं काढलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरची म्हातारी आधी मान हलवायला लागली, मग काठी सुनेच्या हातात देऊन उठली आणि पदर खोचून तिनं दोन गिरक्या घेतल्या. सगळा मांडव तिच्याभोवती. काका उपरण्यानं डोळे पुसत उभा होता आणि त्याला आपल्या गाण्याची आठवणही राहिली नव्हती. त्या दिवशी मला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसांच्या मनातलं ह्या माणसाला जितकं कळतं तितकं कुणालाच कळत नसेल.

आता ती वही. ती त्यांच्याकडे पहिल्यापासून नव्हती. एका साखरपुड्यात मुलाच्या चुलतभावंडांनी चिठ्ठी दिली, गाणं नाचाचं होतं, कोणासाठी ह्या जागी 'आईसाठी' लिहिलेलं. यांनी आनंदानं लावलं. पेढ्यांचं ताट घेऊन फिरणारी मुलाची आई जागच्या जागी थांबली. ताट हळूच एका खुर्चीवर ठेवलं आणि कार्यालयाबाहेर निघून गेली. तिचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तो त्या गाण्यावर नाचला होता. पोरांनी चांगल्याच हेतूनं मागितलं होतं. यांनी गाणं मध्येच थांबवलं, पण लागलेलं गाणं काही परत घेता येत नाही. ती बाई जेवणाची पंगत उठेपर्यंत गाड्या लावतात तिथे एका कठड्यावर बसून होती. वायरी गुंडाळताना ते मला म्हणाले, "बाई, मागणाऱ्याला कळत नाही ते कुणाच्या अंगावर पडतंय."

त्यानंतर त्यांनी वही केली. कार्याच्या दोन दिवस आधी ते त्या घरी जात. दुसरे लोक जाऊन विचारतात, कुठली गाणी लावू? हे विचारत, कुठलं गाणं लावायचं नाही? लोकांना आधी कळायचंच नाही. मग घरातली बाई पदराशी चाळा करत सांगायची. वडील आंघोळ करताना म्हणायचे ते. नणंद संसार मोडून माहेरी आली, तिच्या वरातीतलं. गेलेल्या मुलाचा फोन वाजायचा ते. ते लिहून घेत, खाली तारीख घालत, आणि मग कार्यात ते गाणं मागायला प्रत्यक्ष नवरदेव आला तरी लावत नसत. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. हे दुसऱ्याचं जळू नये म्हणून वही घेऊन फिरणारे होते.

माझा नवरा त्यांना फार आवडायचा. मला स्कूटरवरून कार्यालयात सोडायला यायचा आणि पाहुणे येईपर्यंत टेबलामागच्या खोक्यावर बसायचा. त्याचं एक गाणं होतं. जुनं भावगीत. कुठलं ते लिहीत नाही, लिहिलं की चाल डोक्यात सुरू होते. रविवारी सकाळी आठवड्याच्या कपड्यांना इस्त्री करताना तो ते म्हणायचा, आणि वरच्या पट्टीत हमखास बेसूर व्हायचा. यांना ते कळल्यावर पाहुणे यायच्या आधी स्पीकर तपासायला ते मुद्दाम तेच गाणं लावत. रिकाम्या खुर्च्या, अर्धवट लागलेली फुलं, आणि खोक्यावर बसून मान डोलावणारा माझा नवरा. तो अचानक गेला, हृदयविकाराने. दिवस उरकून मी पुन्हा कामावर आले तेव्हा स्पीकर तपासायला त्यांनी नुसता तबला लावला होता. मी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचे फार उपकार वाटले मला.

चार वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीला गाणी तेच लावणार हे उघड होतं आणि निवेदन मीच करणार हेही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून माझ्या मुलीचं कौतुक ऐकायची माझी तयारी नव्हती. दोन दिवस आधी ते घरी आले आणि वही उघडून बसले.

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला माहीत आहे की."

"रीत आहे. विचारावं लागतं."

"तेच. ते एक सोडून काहीही लावा."

त्यांनी लिहून घेतलं. मग आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, "घरात आणखी कुणाला विचारायचं?"

"मुलगी तिच्याच नादात आहे."

"आणि सासूबाई?"

सासूबाई आत गवार मोडत बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. एकुलता एक मुलगा गेल्यानंतर त्यांनी त्याच्याबद्दल बोलणंच सोडलं होतं, आणि मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावला होता. मी म्हटलं, "त्यांना गाण्यांतलं काय कळतंय!" त्यांनी वही मिटली.

हळद खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका हिरवळीवर होती, दुपारची. सगळं छान चाललं होतं. मी बोलत होते, लोक हसत होते, मुलगी पिवळीधमक झाली होती. मध्येच मी पाहिलं, सासूबाई काठी टेकत टेबलापाशी गेल्या. ते वाकून त्यांचं ऐकत होते. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणत असतील. थोड्या वेळानं पुन्हा गेल्या. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि सासूबाईंनी त्यांच्या हातावर थोपटलं. मग त्या एक खुर्ची ओढून उजव्या स्पीकरच्या अगदी जवळ बसल्या.

मी दोन कार्यक्रमांच्या मध्ये पळत जाऊन म्हटलं, "आई, इथे फार मोठा आवाज आहे. आत बसा ना."

"असू दे. इथून नीट ऐकू येईल."

"काय ऐकू येईल?"

पण तेवढ्यात विहीणबाईंनी हाक मारली आणि मी गेले. नंतर विचारायचं राहून गेलं. सासूबाई गालाला हळद लावून शेवटपर्यंत तिथे बसल्या होत्या. माणसं वायरी गुंडाळायला लागली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "संपलं का गं?" मी म्हटलं, "संपलं." त्यांनी हात पुढे केला, मी उठवलं, आणि आम्ही घरी आलो.

पुढच्या पाच महिन्यांत ह्या गृहस्थांचा मला तीनदा फोन आला. कामाचं काही नाही. इकडचं तिकडचं बोलून विचारायचे, "सासूबाई कशा आहेत?"

"आहेत. गुडघे कुरकुरताहेत."

"एकदा त्यांच्याकडे यायचं होतं मला."

"या की."

"तुम्ही असताना येऊ की नसताना?"

मी हसले. म्हटलं, "चोर आहात का?" तेही हसल्यासारखे झाले आणि फोन ठेवला. आले नाहीत. पाच महिन्यांनी सासूबाई झोपेतच गेल्या.

तेराव्याची माणसं पांगल्यावर ते आले. पाणीही न घेता उभ्या उभ्या सांगायला लागले. हळदीत सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, माझ्या मुलाचं गाणं लावा, तो असता तर त्यानं लावायला लावलंच असतं. हे म्हणाले, बघतो. त्यांनी चिठ्ठीही मागितली नाही. दुसऱ्यांदा आल्या, बघितलंत का? हे म्हणाले, थोड्या वेळानं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा यांच्याच्यानं 'बघतो' म्हणवेना. ते म्हणाले, "आजी, माझ्याकडे नाही ते." सासूबाई म्हणाल्या, "असं कसं? तो सांगायचा की, तुम्ही त्याच्यासाठी ठेवलेलं असतं. शोधा. मी बसते इथे."

"आणि त्या बसल्या," ते म्हणाले. "दीड तास. प्रत्येक गाणं सुरू झालं की त्या माझ्याकडे बघायच्या."

मला आधी काही कळेना. मग अंगाची आग झाली. मी म्हटलं, "मला का नाही विचारलंत? मी वीस पावलांवर उभी होते!"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. आणि मग तुम्हाला उभं राहता आलं नसतं. मुलीची हळद होती, बाई. घरी येऊन त्यांना ऐकवावं म्हणत होतो, पण तुमच्या घरात तुम्हाला न विचारता ते कसं लावायचं, आणि तुम्हाला कसं विचारायचं, ह्यातच दिवस गेले."

ह्यावर मी जे बोलले ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, "तुमच्या त्या वहीपायी माझ्या सासूबाई तशाच गेल्या. एवढंच मागितलं होतं त्या माउलीनं. तुम्हाला माणसांपेक्षा तुमचा नियम मोठा. पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

ते मला विचारू शकले असते, वहीत लिहिलेलं 'नको' कुणाचं होतं? सासूबाईंना विचारायचं का, असं मी म्हणालो नव्हतो का? दुसऱ्या कुणी सोडलं नसतं. माणसाला एका वाक्यात गार करणारा हा गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी फक्त "बरोबर आहे तुमचं" म्हटलं आणि जिना उतरून गेले.

मी कार्य ठरवणाऱ्यांना सांगून टाकलं, गाण्यांना दुसरं कुणी बघा. दुसरा आला. चांगला होता, येईल त्याची फर्माईश लावायचा, लोक खूश असायचे. मी त्याच्या शेजारी उभी राहून बोलत असे, आणि मनात एकच भांडण चालू असे. महिना गेला तसा राग उतरला आणि त्याच्या खाली काय होतं ते दिसायला लागलं. नको मी म्हटलं होतं. काय कळतंय त्यांना, हेही मीच. स्वतःच्या दुःखाला मी घरातलं एकमेव दुःख मानलं होतं आणि त्याच्या दाराशी ह्या माणसाला राखण करायला बसवलं होतं. त्यानं इमानानं राखण केली, म्हणून त्याला हाकललं. हे सगळं मला कळत होतं. फोनमध्ये नंबर होता. अनेकदा काढला, आणि काय बोलायचं म्हणून ठेवून दिला. दीड वर्ष गेलं. त्यांनी काम बंद केल्याचं मधे कधीतरी कानावर आलं, तेव्हाही मी 'ह्या रविवारी जाऊ' म्हटलं. तो रविवार आला नाही.

मग एका कार्यालयात फुलं लावणारा सहज बोलून गेला, "मॅडम, ते गेले ना. तीन आठवडे झाले. तुम्हाला माहीत नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदाशिव पेठेत त्यांचा जिना चढले. त्यांच्या पत्नी शाळेतून निवृत्त झालेल्या. मला एकदोनदाच भेटलेल्या. दारात मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "या," म्हणाल्या. "बसा." त्या दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होत्या, ते काम त्यांनी थांबवलं नाही.

"आजारी होते हे मला कळलं नाही," मी म्हटलं.

"कळवलं नव्हतं. त्यांनीच कुणाला कळवू दिलं नाही."

"काम का सोडलं त्यांनी?"

"म्हणायचे, गाणं लावताना हात अडतो. समोर कुणीतरी वाट बघत बसलंय असं वाटतं." त्यांनी एक टॉवेल झटकला. "फोन वाजला की विचारायचे, बाईंचा आहे का? मी म्हणायचे, तुम्हीच करा की. तर म्हणायचे, त्यांना राग आहे, आपण कसा करायचा. दिवाळीपर्यंत विचारत होते. मग विचारायचे थांबले."

मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही. जे दीड वर्ष घोकलं होतं ते मी त्यांच्यासमोर सगळं बोलून टाकलं. म्हटलं, "त्या दिवशी मी त्यांना नाही नाही ते बोलले. पण ते गाणं नको हे मीच सांगितलं होतं. सासूबाईंना विचारू का, असं त्यांनी विचारलं होतं मला. मीच नको म्हटलं. त्यांची काही चूक नव्हती. सगळी माझी होती."

त्यांनी घडी घातलेला टॉवेल गठ्ठ्यावर ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "त्यांना माहीतच होतं ते. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच."